नव्वद हजार पडदे, समोर किती माणसं?

चीनमध्ये २०१९ साली सिनेमाचे ६९,७८७ पडदे होते आणि वर्षभरात १७२ कोटी ७० लाख तिकिटं खपली होती. २०२४ संपताना पडदे ९०,९६८ झाले होते आणि वर्षाची तिकिटं होती १०१ कोटी. पाच वर्षांत एकवीस हजार पडदे वाढले आणि सत्तर कोटींहून जास्त तिकिटं गळाली. हाच हिशेब एका पडद्यापर्यंत खाली आणला की तो अंगावर येतो. २०१९ मध्ये एका पडद्यासमोर दिवसाला सरासरी ६८ माणसं बसत होती, २०२४ मध्ये ३०. दिवसाचे पाच-सहा खेळ धरले, तर एका खेळाला पाच-सहा माणसं. शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं थिएटर, पडद्यावर मोठमोठ्या लढाया चाललेल्या, आणि समोर एका जीपमध्ये मावेल एवढा प्रेक्षक.

या घसरणीची कारणं सांगणारे पुष्कळ आहेत. करोना, मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ, त्याच त्या कथा, मंदावलेली अर्थव्यवस्था. यातलं काहीच खोटं नाही. पण तिकिटाचा दर या कारणाकडे जेवढं लक्ष जायला हवं तेवढं गेलेलं नाही, असं मला वाटतं. चीनचा सिनेमाचा बाजार वीस वर्षांत उभा राहिला तो प्रेक्षकाच्या खिशाला परवडणाऱ्या तिकिटावर. दर खिशाच्या पुढे गेला तेव्हा प्रेक्षक मागे राहिला. आणि बाजार किती मोठा हे युआनमध्ये, म्हणजे चिनी चलनात, मोजायची सवय जडली असल्यामुळे माणसं कमी होतायत हे बराच काळ कुणी मनावर घेतलं नाही.

थोडं मागे जाऊ. १९७९ साली चीनमध्ये सिनेमाच्या प्रेक्षकांची नोंद २,९३० कोटी अशी आहे. देशाची लोकसंख्या तेव्हा शंभर कोटींच्या आत होती. म्हणजे म्हातारी-कोतारी आणि तान्ही मुलं धरून माणशी वर्षाला अठ्ठावीस-तीस वेळा सिनेमा. सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षं नुकतीच संपली होती, पेटीत बंद करून ठेवलेले सिनेमे बाहेर आले होते, टीव्ही घरोघरी पोचला नव्हता. त्या प्रेक्षकांतले बहुसंख्य उघड्यावर बसलेले असत. यंत्र घेऊन फिरणारी मंडळी गावात यायची, खळ्यावर किंवा शाळेच्या पटांगणात दोन बांबूंच्या मध्ये पांढरं कापड ताणायची, आणि अंधार पडायच्या आधीपासून लोक आपापली बसकी स्टुलं मांडून जागा धरायचे. पुढे जागा मिळाली नाही तर पडद्याच्या मागे जाऊन उलटं चित्र बघायचे. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. माझ्या लहानपणी आमच्या जत्रेत तंबूची कनात खालून उचलून आत शिरणाऱ्या पोरांना तंबूवाला ओरडायचा, पण बाहेर काढायचा नाही. त्याला तंबू भरलेला हवा असायचा. चीनच्या शहरांतल्या थिएटरांतही तेव्हा तिकीट युआनच्या अंशात मोजलं जाई. सिनेमा ही भाजी-मीठ-तेलाच्या बरोबरीने जमणारी गोष्ट होती.

तो प्रेक्षक पुढच्या वीस वर्षांत जवळजवळ संपला. टीव्ही आला, मग व्हीसीडी आणि कराओके आले. १९९३ मध्ये वितरणातली सरकारी कंपनीची मक्तेदारी मोडली, दरांवरची बंधनं सैल झाली. १९९४ पासून वर्षाला दहा परदेशी सिनेमे उत्पन्नातल्या वाट्यावर आणायला परवानगी मिळाली. तरीही शतक संपताना अख्ख्या देशाची तिकीटविक्री शंभर कोटी युआनच्याही खाली होती. जुन्या सरकारी थिएटरांत फर्निचरची दुकानं लागली होती, कुठे नाचाचे हॉल निघाले होते.

२००२ साली चीनने थिएटरांची साखळी पद्धत आणली. प्रत्येक थिएटरने कुठल्या ना कुठल्या साखळीशी जोडून घ्यायचं, वितरकाने साखळीला सिनेमा द्यायचा, आणि खासगी पैशाला थिएटर बांधायची मुभा. तिथून पुढे जे झालं त्याला जगात दुसरा दाखला नाही. २०१० मध्ये ६,२५६ पडदे आणि १,०१७ कोटी युआनची विक्री. २०१२ मध्ये जपानला मागे टाकून जगात दुसरा क्रमांक. त्याच वर्षी अमेरिकेशी करार होऊन परदेशी सिनेमांचा वार्षिक कोटा वीसवरून चौतीसवर गेला, आणि वांडा या चिनी कंपनीने अमेरिकेतली एएमसी ही थिएटरांची अवाढव्य साखळी विकत घेतली. २०१६ मध्ये चीनमध्ये दिवसाला सव्वीस या वेगाने नवे पडदे लागत होते आणि एकूण आकडा ४१,१७९ झाला, अमेरिकेपेक्षा जास्त. हे सगळे पडदे बीजिंग-शांघायमध्ये लागले नाहीत. प्रत्येक तालुक्याच्या गावात बिल्डर मॉल बांधत होते आणि मॉलमध्ये माणसं वरपर्यंत चढावीत म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर थिएटर हवं होतं. त्यासाठी भाड्यात सवलत मिळे, छोट्या गावात थिएटर काढलं तर सरकारी निधीतून मदतही मिळे. फिल्मची रिळं जाऊन डिजिटल यंत्रं आल्यामुळे नवा सिनेमा शांघायमध्ये आणि डोंगरातल्या तालुक्यात एकाच दिवशी लागू लागला.

पण पडदा लावला म्हणून माणूस येत नाही. तो का आला, हे पाहायचं तर दराकडे पाहावं लागतं. २०१० मध्ये सरासरी तिकीट छत्तीस युआनच्या आसपास होतं. २०१५ मध्ये पस्तीसच्या आसपास. २०१९ मध्ये सदतीस. दहा वर्षं दर जागचा हलला नाही, आणि त्याच काळात चिनी माणसाचं सरासरी उत्पन्न दुपटीहून जास्त झालं. प्रेक्षक २८ कोटींवरून १७२ कोटींवर गेला तो याच दहा वर्षांत. २०१० च्या आसपास शहरी थिएटराच्या फलकावर ऐंशी, कधी शंभर युआन लिहिलेले असत आणि लोक चिडून बोलत की एवढ्यात आठवड्याचा बाजार येतो. मंगळवारी अर्ध्या दराचा दिवस असे. मग इंटरनेटवर गटाने तिकिटं घेण्याची सोय आली, ऐंशीचं तिकीट तीसला मिळू लागलं. आणि २०१४ पासून खरी धमाल सुरू झाली.

मोबाइलवरून तिकीट विकणाऱ्या कंपन्यांनी, म्हणजे अलीबाबाची ताओप्याओप्याओ, मेइतुआन या ऑनलाइन सेवा कंपनीतून निघालेली माओयान आणि त्यांचे इतर स्पर्धक, ग्राहक आपल्याकडे ओढण्यासाठी पैसा ओतायला सुरुवात केली. ९.९ युआनला तिकीट. पडद्यावरचा सिनेमा नवा, खुर्ची चांगली, आणि दर एका वाटी नूडल्सएवढा. थिएटरला पूर्ण पैसे मिळत, फरक कंपनी आणि निर्माते सोसत. तालुक्याच्या गावात राहणारा, कारखान्यात किंवा दुकानात काम करणारा, आयुष्यात थिएटरात कधी न गेलेला तरुण याच दराने आत शिरला. चिनी सिनेमाच्या धंद्यात या प्रेक्षकाला ‘छोट्या गावातला तरुण’ असं नावच पडलं. त्याच्या आवडीनिवडीवर तावातावाने लिहिलं गेलं, त्याला नाकं मुरडली गेली. पण पडदे चालत होते ते त्याच्या जिवावर. २०१५ मध्ये विक्री एका वर्षात ४८.७ टक्क्यांनी वाढून ४,४०० कोटी युआनवर गेली. शून्य नीट मोजावं असा तो आकडा आहे.

इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा, कारण दर वाढले नाहीत असं म्हणणारे तिथेच चुकतात. २०१५ च्या पस्तीस युआन सरासरीत अनुदान मिसळलेलं होतं. थिएटरच्या वहीत तिकीट पस्तीसचं, पण प्रेक्षकाच्या खिशातून गेलेले दहा, पंधरा, वीस. २०१६ नंतर हा पैसा आटत गेला, २०१८ च्या सुमारास नियंत्रकांनीही या सवलतींना लगाम घालायची भाषा सुरू केली, आणि अनुदान जवळजवळ संपलं. मोबाइलवर तिकीट विकणाऱ्या कंपन्यांतले बरेच स्पर्धक एकमेकांत विलीन झाले किंवा बाजूला पडले. उरलेल्यांनी प्रत्येक तिकिटावर तीन-चार युआन सेवाशुल्क लावलं. त्यामुळे वहीतला दर पस्तीसवरून २०२४ मध्ये बेचाळीसपर्यंत चढला असं दिसतं, तेव्हा त्या छोट्या गावातल्या तरुणाच्या खिशाने अनुभवलेली चढ त्याच्या कित्येक पट असते. सरासरी उत्पन्न वाढलं ना, असं कुणी म्हणेल. वाढलं, हे खरं. पण तरुण प्रेक्षकाचं तसं नाही, जून २०२३ मध्ये चीनच्या शहरांतल्या सोळा ते चोवीस वयोगटाची बेकारी २१.३ टक्के नोंदली गेली होती. सरासरी उत्पन्नाशी त्याची गाठ नाही.

दराची सगळ्यात वाईट बाजू वसंतोत्सवात दिसते. चिनी नववर्षाचा हा आठवडा म्हणजे तिथली दिवाळी. शहरांत राबणारी कोट्यवधी माणसं गावी परततात, नातलग जमतात, आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात सगळं घर सिनेमाला जातं. वर्षभरातून एकदाच थिएटरची पायरी चढणारी कुटुंबं याच आठवड्यात चढतात. २०२१ च्या वसंतोत्सवात सरासरी तिकीट जवळपास एकोणपन्नास युआन होतं आणि सोळा कोटी तिकिटं खपली. २०२२ मध्ये तिकीट बावन्नच्या वर गेलं आणि खप अकरा कोटी चाळीस लाखांवर आला. करोनाचे निर्बंध होते, खुर्च्या मोकळ्या ठेवाव्या लागत होत्या, हे मी नाकारत नाही. पण आदल्या वर्षीही निर्बंध होतेच. २०२५ च्या वसंतोत्सवातही सरासरी पन्नासच्या वर होती. २०२४ मध्ये चिनी खेड्यातल्या माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला २३,११९ युआन, म्हणजे महिन्याला एकोणीसशेच्या आसपास. नवरा-बायको आणि एक मूल यांची तीन तिकिटं झाली दीडशेच्या पुढे. एका माणसाच्या महिन्याच्या मिळकतीचा बारावा-तेरावा हिस्सा दोन तासांत गेला, त्यात लाह्या आणि सरबत धरलेलं नाही. २०२५ च्या दराने एक युआन म्हणजे साधारण बारा रुपये. आपल्या गावाकडच्या घराला अठराशे रुपयांचा सिनेमा दिवाळीत कसा लागेल, तसाच तो तिथे लागतो.

एवढे पैसे जातात कुठे? शंभर टक्के थिएटरमालकाच्या घशात जातात असा समज आहे, तो चुकीचा आहे. सेवाशुल्क वगळून चाळीस युआनचं तिकीट घेऊ. पाच टक्के, म्हणजे दोन युआन, सिनेमाच्या विकासासाठीच्या सरकारी निधीत. ३.३ टक्के, म्हणजे एक युआन आणि थोडं, कर. उरले छत्तीस युआन सदुसष्ट-अडुसष्ट फेन (फेन म्हणजे युआनचा शंभरावा भाग). त्यातले ४३ टक्के, सुमारे पावणेसोळा युआन, निर्माता आणि वितरकाकडे. ५७ टक्के, सुमारे एकवीस युआन, थिएटर आणि साखळीकडे. त्या एकवीस युआनमधून भाडं, वीज, पगार, यंत्राची दुरुस्ती. दिवसाला तीस माणसं येत असतील तर एका पडद्यामागे थिएटरच्या हाती सहा-साडेसहाशे युआन पडतात. मॉलने सुरुवातीला दिलेली भाड्याची सवलत केव्हाच संपलेली असते. असा मालक दर वाढवतो तेव्हा त्याला लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो घाबरलेला आहे. पण सुटलेल्या एसटीतली रिकामी जागा जशी पुढच्या गाडीत विकता येत नाही, तशी दुपारी दोनच्या खेळाची रिकामी खुर्ची संध्याकाळी विकता येत नाही. सिनेमा लावला, वीज जाळली, झाडलोट केली, म्हणजे खर्च झाला. त्यानंतर त्या खुर्चीत पंधरा युआन देऊन कुणी बसला तर ते पंधरा युआन मिळालेच.

मग मालक पंधराला तिकीट का लावत नाही? लावू शकत नाही. चीनमध्ये प्रत्येक सिनेमाचा किमान दर वितरक ठरवतो, शहराच्या दर्जाप्रमाणे आणि पडद्याच्या प्रकाराप्रमाणे. त्याखाली कितीही कमी दराने विकलं तरी वितरकाचा वाटा त्या किमान दरावरच द्यावा लागतो. वसंतोत्सवात हा किमान दर वर सरकवला जातो आणि सगळ्या गावांतले दर त्याच्यामागे फरपटत जातात. तालुक्याच्या थिएटरवाल्याला आपल्या गावातला माणूस ठाऊक असतो, मंगळवारी दुपारी कोण मोकळं असतं हे ठाऊक असतं, पण त्याच्या हातात दर नसतो. दुरून ठरवलेला एक आकडा असतो. माझा सगळा राग या व्यवस्थेवर आहे.

आणि ही व्यवस्था टिकली याचं कारण मोजमाप. चीनमध्ये सिनेमाच्या विक्रीचा आकडा राष्ट्राच्या अभिमानाचा विषय झाला. अमेरिकेला कधी मागे टाकणार, किती हजार कोटी झाले, कुठल्या सिनेमाने कुठला विक्रम मोडला, हे रोज मोबाइलवर सेकंदासेकंदाला हलताना दिसतं. या आकड्याच्या मोहाने लोक खोटेपणापर्यंत गेले. २०१६ मध्ये ‘इप मॅन ३’ या सिनेमाचे साडेसात हजारांहून जास्त खेळ खोटे दाखवल्याचं चौकशीत उघड झालं, वितरकाला महिनाभर बंदी झाली, आणि मार्च २०१७ पासून लागू झालेल्या चित्रपट कायद्यात खोट्या आकड्यांना दंडाची तरतूद आली. ती चांगलीच झाली. पण खऱ्या आकड्यानेही दिशाभूल होते. माणसं कमी झाली आणि दर वाढले तरी युआनचा आकडा शाबूत दिसू शकतो. २०१७ मध्ये विक्रीची बेरीज ५,५९० कोटी युआन होती आणि २०२३ मध्ये ५,४९० कोटी. वाचणाऱ्याला वाटेल, करोनानंतर गाडी रुळावर आली. पण २०१७ मध्ये १६२ कोटी तिकिटं होती, २०२३ मध्ये १३० कोटी. बत्तीस कोटी तिकिटं कुठे गेली हा प्रश्न त्या बेरजेने झाकून टाकला. पुढच्याच वर्षी उन्हाळ्याच्या हंगामाची विक्री २,०६० कोटींवरून १,१६० कोटींवर कोसळली तेव्हा सगळे दचकले.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात जोरदार हरकत आहे ती ‘नझा २’ची. २०२५ च्या वसंतोत्सवात लागलेल्या या ॲनिमेशनपटाने १,५०० कोटी युआनच्या वर विक्री केली, तीस कोटींहून जास्त तिकिटं खपली. सिनेमा चांगला असला की पन्नास युआन देऊन लोक येतात, दराचं रडगाणं कशाला, असं म्हणणारे त्याकडे बोट दाखवतात. तो सिनेमा मी मानतो. छंगदू शहरातल्या एका दिग्दर्शकाने वर्षानुवर्षं खपून उभं केलेलं काम आहे ते. पण त्यातून निघणारा अर्थ मला उलटा दिसतो. महाग तिकिटात माणूस वर्षातून एक सिनेमा बघतो, आणि तो एक असा निवडतो की ज्याबद्दल सगळ्या गावाने ग्वाही दिलेली असते. एक सिनेमा पर्वताएवढा होतो आणि बाकीचे सपाट होतात. थिएटर वर्षाचे बावन्न आठवडे उघडं ठेवावं लागतं. ते भरतं ते सवयीवर, सहज ‘चल जाऊन येऊ’ म्हणून उठणाऱ्या माणसांवर. दर वाढतो तेव्हा पहिल्यांदा हीच माणसं गळतात.

मोबाइलची हरकतही तशीच. २०२४ मध्ये चीनमध्ये मोबाइलवरच्या एक-दोन मिनिटांच्या भागांच्या नाटुकल्यांचा धंदा ५,००० कोटी युआनच्या पुढे गेला, आणि सिनेमाच्या ४,२५० कोटींना त्याने मागे टाकलं. ही नाटुकली बहुतेकांना फुकट किंवा चिल्लर पैशांत बघायला मिळतात. समोर फुकटचा पर्याय नसताना पस्तीस युआन चालून गेले. आता तो खिशातच आहे, तेव्हा थिएटरने दर वाढवून त्याच्याशी कसं लढायचं? मोबाइल आला म्हणून दराचा मुद्दा मावळत नाही, तो अधिक धारदार होतो.

चिनी सरकारला हे अजिबात उमगलेलं नाही असं म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिकिटांवर किमान साठ कोटी युआनच्या सवलती जाहीर झाल्या, पुढच्या वर्षीही कुपनं वाटली गेली. खेड्यांत दर गावाला महिन्याला एक सिनेमा फुकट दाखवायची जुनी योजनाही आहे. पण कुपन म्हणजे सणाची रोषणाई. ठरावीक वेळेला ॲप उघडून झडप घालणाऱ्याला ते मिळतं, आणि तो बहुधा शहरातला, नेहमी सिनेमा बघणाराच असतो. मला हवी आहे ती बारमाही, सगळ्यांना तोंडपाठ होईल अशी सोय. शनिवार-रविवार सोडून इतर दिवशी तालुक्याच्या थिएटरांना वितरकाच्या किमान दरातून सूट द्यावी, आणि फरक पाच टक्क्यांच्या त्या सरकारी निधीतून भरावा. २०२४ च्या विक्रीवर हा निधी वर्षाला दोनशे कोटी युआनच्या घरात जातो. तिकिटामागे दहा युआन उतरवले तर तेवढ्यात वीस कोटी तिकिटं स्वस्त होतात. हा पैसा प्रेक्षकाच्याच तिकिटातून आलेला आहे. तो नव्या पडद्यांवर खर्चायचे दिवस आता गेले. नव्वद हजार पडदे पुरेसे आहेत.

आणि दर महिन्याचा अधिकृत आकडा जाहीर करताना आधी माणसं सांगावीत, मग युआन. क्रम बदलला की वृत्तपत्रांचे मथळे बदलतील, मथळे बदलले की वितरकांना जाब विचारला जाईल.

यात आपल्यासाठीही काही आहे, पण तुलना जपून करायला हवी, कारण आपलं उत्पन्न त्यांच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. २०२४ मध्ये भारतात सुमारे ८८ कोटी तिकिटं खपली, दहा हजारांच्या आसपास पडद्यांवर. नवव्या हिश्शाएवढे पडदे आणि चीनच्या जवळ जाणारी तिकिटं. आपलं सरासरी तिकीट १३४ रुपयांच्या आसपास होतं, त्यांचं पाचशेच्या घरात. ही सरासरी दक्षिणेतल्या स्वस्त तिकिटांनी सावरलेली आहे. मुंबई-पुण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी संध्याकाळी जाणाऱ्याला ती ओळखू येणार नाही. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर अठरा टक्के झाला आहे. स्वस्त तिकिटाला कराची साथ मिळाली, हे चांगलं झालं. मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळावा म्हणून आपण भांडतो ते योग्यच आहे, पण त्या प्राइम टाइमचं तिकीट साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या माणसाला झेपतं का, हे भांडण आपण त्याच जोराने कधी केलेलं नाही.

मे २०१७ मध्ये ‘दंगल’ चीनमध्ये लागला. हरियाणातल्या कुस्ती खेळणाऱ्या मुलींची गोष्ट, गाणी परकी, खेळाचे डाव अनोळखी. त्याने १३० कोटी युआनच्या जवळपास विक्री केली, आणि ती पहिल्या दिवसाच्या उसळीने झाली नाही. बघून आलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना, आणि आठवड्यांमागून आठवडे तो चालत राहिला. आमिर खानचं नाव तिथे ओळखीचं होतं, याचा हातभार होताच. तरी तालुक्याच्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर पहिल्या दिवशी जाऊन बसलेल्या कुणाला तरी वाटलं असणार की चला, फसलो तर फसलो, फार गेलं नाही. ओळख नसलेल्या सिनेमावर पैसे लावणारी ही माणसं असतात म्हणून नवी गोष्ट, नवा दिग्दर्शक, परक्या देशातला बाप आणि त्याच्या मुली लोकांपर्यंत पोचतात. पुढच्या वसंतोत्सवाचे किमान दर ठरवायला चिनी वितरक बसतील तेव्हा त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर या माणसांसाठी एक रकाना असावा, एवढी माझी मागणी आहे.